पाय टेकावेत म्हणून

यामाहा आर15 व्ही4. सीटची उंची 815 मिलिमीटर, म्हणजे 32 इंचांहून जरा जास्त. वजन 142 किलो. स्पोर्ट बाइकमध्ये ही हलकीच म्हणायची. पण पाच फूट दोन इंचांच्या चालकाला विचारा. सिग्नलला थांबलं की जमिनीला फक्त चवडा लागतो, आणि नेमकी तिथेच खडी पसरलेली असली, रस्ता एका अंगाला उतरता असला, की सगळा भार त्या चवड्यावर. मग कोणीतरी सांगतं, "गाडी खाली घे ना, अर्ध्या तासाचं काम आहे."

अर्ध्या तासात होतं ते अर्धंच काम.

गाडीच्या मागे बसून स्विंगआर्मच्या, म्हणजे मागचं चाक धरणाऱ्या दांड्याच्या, खाली बघा. या गाडीचा मोनोशॉक, म्हणजे मागचा एकुलता शॉक, स्विंगआर्मला थेट जोडलेला नाही, मध्ये लिंकेज, म्हणजे पट्ट्यांची जोडणी, आहे. त्यातल्या या लिंकच्या पट्ट्यांना डॉगबोन म्हणतात. बहुतेक स्पोर्ट बाइकमध्ये मूळ पट्ट्यांपेक्षा लांब पट्ट्या बसवल्या की मागचं चाक वर सरकतं आणि गाडीची पाठ खाली बसते. पट्टीतला काही मिलिमीटरचा फरक चाकापाशी दुपटी-तिपटीने वाढतो, म्हणून घरच्या घरी लोखंडी पट्टीला भोकं पाडून लिंक बनवायच्या भानगडीत पडू नये. भोक एवढंसं सरकलं तरी हिशेब चुकतो, आणि अख्खं मागचं वजन त्याच बोल्टांवर असतं.

पट्ट्या बदलल्या, मागची बाजू 25 मिलिमीटर खाली आली. पाय टेकले, गडी खूश. पण गाडीचा व्हीलबेस, म्हणजे दोन चाकांच्या मध्यबिंदूंमधलं अंतर, 1325 मिलिमीटर आहे. त्रिकोणमिती केली तर अख्खी गाडी सुमारे एक अंशाने मागे कलली. एक अंश ऐकायला काहीच नाही. प्रत्यक्षात पुढचे फोर्क, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या नळ्या, तेवढेच जास्त तिरके झाले, ट्रेल (हँडलच्या कण्याची रेष आणि टायर जमिनीला टेकतात त्यातलं अंतर) वाढला, पुढच्या चाकावरचा भार थोडा हलका झाला. सरळ रस्त्यावर कळणारही नाही. गल्लीत यू-टर्न मारताना मात्र हँडल जड लागतं आणि वळण रुंदावत जातं. शिवाय हेडलाइटही त्याच एका अंशाने वर उचलला जातो. रात्री समोरचा डिपर मारत राहतो, आणि आपण म्हणतो, काय माणसं आहेत!

म्हणून पुढची बाजूही उतरवायची. इथे नवीन पार्ट लागत नाही. गाडी पोटाखालून नीट टेकवून घ्यायची, फोर्क धरणाऱ्या वरच्या आणि खालच्या क्लॅम्पचे बोल्ट, हँडलची पकड सैल करायची आणि फोर्कच्या नळ्या वर सरकवायच्या. एका वेळी एकच बाजू, दुसरी घट्ट ठेवून. आता हा व्हर्नियर, म्हणजे बारीक माप घ्यायची पट्टी, बघा. डावी नळी क्लॅम्पच्या वर किती आली, उजवी किती, हे मोजल्याशिवाय बोल्ट आवळायचे नाहीत. नळ्या खालीवर राहिल्या तर पुढचा एक्सल ताणात बसतो आणि फोर्क अडकत चालतो. आवळतानाही टॉर्क रेंच, म्हणजे ठरलेल्या जोरानेच आवळणारा पाना, हवा. ॲल्युमिनियमच्या क्लॅम्पवर ताकद दाखवली की आटे जातात.

आणि आवळून झालं की पुढचा ब्रेक दाबून फोर्क जोरात खाली दाबायचा. मडगार्ड रेडिएटरला किंवा फेअरिंगला, म्हणजे गाडीच्या बाहेरच्या आवरणाला, लागतोय का? लागत असेल तर नळ्या जास्त चढल्या. हाताने दाबून फोर्क पूर्ण बसत नाही, तेव्हा इथे थोडी मोकळी जागा राखूनच ठेवायची.

रेसवाले तर गाड्या खाली घेतातच की, असं हमखास ऐकायला मिळतं. घेतात. मोटोजीपी या मोटरसायकल शर्यतीत डुकाटी कंपनीने 2019 मध्ये स्टार्टसाठी तसं यंत्र आणलं. मागची बाजू खाली बसली की गुरुत्वमध्य उतरतो आणि थ्रॉटल पिळल्यावर पुढचं चाक उचलत नाही. पण ते सरळ रस्त्यावर. ब्रेक लावून वळणात शिरताना गाडी पुन्हा उंच होते, कारण झुकायला जागा लागते. 2027 पासूनच्या नियमांत ही यंत्रं तिथेही बंद आहेत. आपली खाली घेतलेली गाडी मात्र घाटातल्या प्रत्येक वळणावर खालीच असते, आणि फूटपेग, म्हणजे पाय ठेवायची दांडी, लवकर घासतो.

आता आपला खरा शत्रू, गतिरोधक. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाचा गोल गतिरोधक 3.7 मीटर रुंद आणि 10 सेंटीमीटर उंच असतो, वक्राची त्रिज्या 17 मीटर. त्यावर ही गाडी उभी केली तर दोन चाकांच्या मध्ये तो जेमतेम 13 मिलिमीटर वर येतो. म्हणजे काहीच नाही. पण सोसायटीच्या फाटकासमोर कोणी रातोरात सिमेंटचा वरवंटा आडवा टाकला असेल, हातभर रुंद आणि 12 सेंटीमीटर उंच, तर तो अख्खाच्या अख्खा पोटाखाली येतो. ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे पोट आणि जमिनीमधलं अंतर, 170 मिलिमीटर. त्यातून गतिरोधकाचे 120 गेले, उरले 50. त्यातून 25 तुम्ही आधीच दिले. मागे कोणी बसलं की शॉक आणखी दबतो. उरलं काय? मला विचाराल तर शहरात दोन्ही बाजूंनी 20 मिलिमीटरच्या पुढे जाऊच नये.

साइड स्टँड बहुतेक जण विसरतात. गाडी खाली आली, स्टँड तेवढाच राहिला, की गाडी जवळपास सरळ उभी राहते आणि वाऱ्याने किंवा धक्क्याने उजवीकडे आडवी होते. वेल्डरकडून तो कापून जोडून घ्यावा लागतो. चेनही पुन्हा बघायची. स्विंगआर्मचा कोन बदलला की ढिलाई बदलते, आणि उभ्या गाडीत ठीक वाटणारी चेन वजन पडल्यावर ताणते.

स्प्रिंगचे वेटोळे कापणारेही आहेत. गाडी खाली येते हे खरं. पण उरलेली स्प्रिंग जास्त कडक होते, चाकाला दबायला जागा कमी उरते आणि खड्ड्यात मणका सगळं सांगतो.

यातलं काहीही करण्याआधी सीटवाल्याकडे जा. फोम वरून कमी करण्यापेक्षा पुढच्या टोकाला, मांड्यांपाशी, दोन्ही अंगांनी तासून घ्या. सीट अरुंद झाली की पाय फाकत नाहीत, सरळ खाली जातात. कितीतरी जणांचं काम तिथेच भागतं, आणि सस्पेन्शनला हातही लागत नाही.

तरी लिंक बदलल्याच, तर मूळ पट्ट्या फेकू नका. बोल्टांसकट पिशवीत घालून, वर गाडीचा नंबर लिहून ठेवा. उद्या गाडी विकायला काढली आणि गिऱ्हाईक सहा फुटी निघालं, तर तो पहिल्यांदा त्याच मागेल.