सबवूफरचा बॉक्स नक्की किती लिटरचा?

हा बारा इंची सबवूफर, बॉक्सशिवाय नुसता टेबलावर ठेवून वाजवलाय. स्पीकरचा पडदा, म्हणजे कोन, बघा केवढा हलतोय पण बास शून्य, कारण पुढची हवा कडेने फिरून मागे जाते आणि पुढचा-मागचा आवाज एकमेकांना खातो. म्हणून बॉक्स लागतो. आणि बॉक्स म्हटलं की आपल्याकडे पहिला प्रश्न, किती बाय किती? अरे आधी किती लिटर ते तरी ठरवा!

कंपनीच्या कागदावरचे हे तीन आकडे. एफएस 28 हर्ट्झ, म्हणजे मोकळा स्पीकर ज्या कंपनाला आपसूक जास्त हलतो ते, त्याचा रेझोनन्स. क्यूटीएस 0.45, म्हणजे ते हलणं किती आवरलं जातं, आकडा कमी तर लवकर थांबतं. व्हीएएस 60 लिटर, म्हणजे स्पीकरच्या स्वतःच्या स्प्रिंगइतकी ताठ असणारी हवा. यांच्यावरून बॉक्स काढायची पद्धत ऑस्ट्रेलियात नेव्हिल थील यांनी 1961 मध्ये मांडली, सत्तरच्या दशकात रिचर्ड स्मॉल यांनी ती पुढे नेली. आपला बॉक्स सीलबंद, त्यात बसवल्यावर स्पीकरचा क्यू 0.707 पाहिजे, म्हणजे बास फुगत नाही. मग 0.707 भागिले 0.45, त्याचा वर्ग, वजा एक, झाले 1.47. साठला त्याने भागा, 41 लिटर. बस्स, एवढंच गणित, पण ते करायचा कंटाळा आणि हजारोंचा अॅम्प घ्यायला मात्र तयार.

आता प्लाय. मिस्त्री आतलं माप घेतायत, 40 बाय 36 बाय 32 सेंटीमीटर, म्हणजे 46 लिटर. त्यातले पाच लिटर स्पीकरचा मागचा भाग आणि आतल्या आडव्या पट्ट्या खातात, उरले 41. प्लाय 18 एमएमचा आहे, म्हणून हाच बॉक्स बाहेरून मोजला तर 61 लिटर भरतो! बरेच बॉक्स इथेच बिघडतात.

सांध्यात फेव्हिकॉल, वर स्क्रू, स्पीकरच्या रिंगखाली फोमची पट्टी. आता अगरबत्ती सांध्यावरून फिरवतायत, आत बास चालू आहे, धूर कुठे फडफडला तर तिथे हवा गळतेय. इथे कोपऱ्यात बघा. परत फेव्हिकॉल.

गाडीच्या डिकीत जागा नाही म्हणून 20 लिटरमध्ये कोंबला असता तर क्यू 0.9 झाला असता, बॉक्ससकट रेझोनन्स 44 वरून 56 हर्ट्झवर, खालचा बास गेला आणि वरचा फुगला.

पोर्टवाल्या, म्हणजे हवेसाठी मुद्दाम भोक किंवा नळी ठेवलेल्या बॉक्सला हे गणित चालत नाही, त्याचा हिशोब वेगळा.

आता 40 हर्ट्झचा टोन लावलाय. हेडफोन घाला, मोबाइलच्या स्पीकरवर काहीच ऐकू येणार नाही.