काटा सांगतो तो वेग आणि चाकाचा वेग

श्रोतेहो, नमस्कार.

गाडी शिकताना बहुतेकांना हा सल्ला मिळालेला असतो: “मीटर जरा जास्तच दाखवतो, मर्यादेच्या दहाने वर गेला तरी बिनधास्त जा.” यातलं पहिलं वाक्य खरं आहे. दुसऱ्याची मला मनापासून काळजी वाटते.

मीटर जास्त दाखवतो तो मुद्दाम. संयुक्त राष्ट्रांच्या वाहनविषयक ३९ क्रमांकाच्या नियमानुसार स्पीडोमीटरने खऱ्या वेगापेक्षा कमी आकडा कधीच दाखवायचा नाही. जास्त दाखवायला मात्र मुभा आहे. मोटारीसाठी ती खऱ्या वेगाच्या दहा टक्के, वर ताशी ४ किलोमीटर. म्हणजे गाडी १०० ने धावत असताना काटा ११४ वर असला तरी चालतं. पण ही झाली कमाल. तुमचा मीटर दोनच किलोमीटर जास्त दाखवत असेल आणि मित्राचा दहा. मित्राच्या भरवशावर तुम्ही काटा दहाने वर नेलात, की मर्यादा आठने ओलांडलीच, आणि मन मात्र निर्धास्त!

आता टायरचं पाहू. मीटर मोजतो ते चाकाचे फेरे. एका फेऱ्यात गाडी किती पुढे सरकते, हे टायरच्या मूळ मापावरून आधीच धरलेलं असतं. टायरच्या बाजूला माप कोरलेलं असतं, समजा १८५/६५ आर १५: म्हणजे रुंदी १८५ मिलिमीटर, टायरच्या कडेची उंची त्या रुंदीच्या ६५ टक्के, आणि आतल्या रिमचा व्यास १५ इंच. गाडी रुबाबदार दिसावी म्हणून कुणी तिथे २०५/६५ आर १५ बसवले, तर चाक चार टक्क्यांनी मोठं होतं. मीटरला याचा पत्ताच नसतो. आधी अचूक असलेला काटा आता १०० दाखवील तेव्हा गाडी १०४ ने पळत असेल.

गुळगुळीत झालेल्या टायरचं उलट असतं. नवी नक्षी साधारण ८ मिलिमीटर खोल असते. ती झिजून १.६ वर आली की चाक दोनेक टक्के लहान होतं आणि काटा तेवढा जास्त चढतो. त्या काट्याची सवय झालेला माणूस नवे टायर घालतो, काटा नेहमीच्याच जागी ठेवतो, आणि नकळत पूर्वीपेक्षा वेगात जायला लागतो.

चार-आठ किलोमीटरने काय होतं, असं वाटेल. दोन सारख्या गाड्या शेजारी शेजारी धावताहेत, एक ५० ने, दुसरी ६० ने. दोघींचे ब्रेक एकाच क्षणी, सारख्याच जोराने लागले. पहिली जिथे थांबली, तिथून दुसरी जाते तेव्हा तिचा वेग अजून ताशी ३३ असतो. त्या जागी रस्ता ओलांडणारं मूल असेल, तर पहिलीने त्याला धक्काही लागत नाही.

म्हणून आपला मीटर एकदा तपासाच. सरळ, सपाट, मोकळा रस्ता निवडा. काटा ६० वर स्थिर धरा आणि शेजारी बसलेल्याला मोबाइलच्या जीपीएसवरचा वेग वाचायला सांगा. चालवणाऱ्याने मोबाइलकडे पाहायचं नाही. जीपीएसचा आकडा थोडा मागून येतो, म्हणून वेग अर्धा मिनिट तरी तसाच राहू द्या. मग ८० वर तेच करा. दोन्ही फरक लिहून ठेवा, आणि टायर बदललेत की तो कागद फाडून पुन्हा मोजा.