अमेरिका कुणाची?

श्रोतेहो, नमस्कार.

ज्यांच्या घरी दहावीचं मूल आहे त्यांना ठाऊक असेल, आपल्या दहावीच्या भूगोलात भारत आणि ब्राझील यांचा तुलनात्मक अभ्यास आहे. त्यामुळे वाशी-नेरुळच्या मुलांना अ‍ॅमेझॉनचं खोरं तोंडपाठ असतं. गोदावरीचं विचारलं तर जरा अडखळतात. मध्यंतरी वर्गात एका मुलीनं विचारलं, "सर, ब्राझील दक्षिण अमेरिकेत आहे, मग तिथली माणसं अमेरिकन का नाहीत?" मागच्या बाकांवर हशा पिकला. पण हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. मेक्सिकोपासून अर्जेंटिनापर्यंत कितीतरी माणसं तो गेली दोनशे वर्षं चिडून विचारत आली आहेत.

आधी हे नाव आलं कुठून ते बघू. १५०७ साली मार्टिन वाल्डझेम्युलर या जर्मन नकाशाकारानं जगाचा एक भलामोठा नकाशा छापला. अमेरिगो व्हेस्पुची या फ्लॉरेन्सच्या दर्यावर्दीच्या नावावरून त्यानं नव्या भूमीला 'अमेरिका' म्हटलं. आता गंमत ऐका. ही अक्षरं छापली आहेत ती दक्षिणेकडच्या भूभागावर, म्हणजे ब्राझीलच्या बाजूला. उत्तरेचा तुकडा त्यात चिंचोळा, अर्धवट. पुढे १५१३च्या नकाशात खुद्द वाल्डझेम्युलरनं हे नाव गाळून टाकलं, पण तोवर ते चारचौघांच्या तोंडी बसलं होतं. उत्तर आणि दक्षिण दोन्हीकडे ते लावलं मर्केटर या दुसऱ्या नकाशाकारानं, १५३८ साली. त्या पहिल्या नकाशाची एकच प्रत उरली आहे. ती २००३ मध्ये एक कोटी डॉलर मोजून कुणी घेतली? वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसनं! दक्षिणेचा जन्मदाखला उत्तरेच्या तिजोरीत.

अर्थात उत्तरेचीही एक अडचण आहे, आणि ती मला खरी वाटते. १७७६ मध्ये तेरा वसाहती इंग्लंडपासून वेगळ्या झाल्या, तेव्हा त्यांनी 'अमेरिकेची संयुक्त संस्थानं' असं वर्णनच नाव म्हणून घेतलं. त्या वर्णनातून नागरिकाला हाक मारायला सुटसुटीत शब्द निघेना, मग 'अमेरिकन' हाच उरला. स्पॅनिशमध्ये 'एस्तादोउनिदेन्से', म्हणजे संयुक्त संस्थानवाला, असा शब्द आहे. पण मेक्सिकोचं अधिकृत नावही 'मेक्सिकन संयुक्त संस्थानं' असंच आहे, तेव्हा तोही काटेकोर म्हणता येत नाही. कॅनडाच्या माणसाला अमेरिकन म्हणून बघा, तो तुम्हाला लगेच दुरुस्त करील.

शाळेतही एकमत नाही. आपण सात खंड शिकवतो, त्यात अमेरिका दोन. लॅटिन अमेरिकेतल्या बहुतेक शाळांत अमेरिका हा एकच खंड. तिथल्या मुलाच्या दृष्टीनं 'मी अमेरिकन' हे आपल्या 'मी आशियाई'सारखं सरळ वाक्य आहे, आणि ते वाक्य दुसऱ्या कुणी आपल्या एकट्याच्या नावावर केलंय.

हे आपल्याला कळायला जड जाऊ नये. ऐरोलीचा माणूस गावी गेला की "मुंबईहून आलो" म्हणतो आणि गिरगावकर नाक मुरडतो. पण या दोघांच्या वादात दिवाळे, करावे, घणसोली या गावांतल्या आगरी-कोळ्यांना कोण विचारतो? त्यांच्या जमिनींवर सिडकोनं शहर वसवलं आणि त्याला नाव दिलं नवी मुंबई. तिकडे पनामातले गुना लोक आपल्या भूमीला 'आब्या याला' म्हणतात. खंडभरच्या मूळनिवासी चळवळींनी हेच नाव उचललं आहे. त्यांच्या हिशेबानं व्हेस्पुचीचं नाव ब्राझीलनं लावलं काय नि वॉशिंग्टननं लावलं काय, दोन्ही बाहेरचेच.

पण दक्षिणेचा राग व्याकरणाचा आहे असं कुणी समजू नये. १८२३ मध्ये संयुक्त संस्थानांचे अध्यक्ष मन्रो यांनी युरोपला बजावलं की या खंडांत नव्या वसाहती चालणार नाहीत. लोकांनी त्याचं सार काढलं : 'अमेरिका अमेरिकनांसाठी'. तेव्हा ते अनेकांना आवडलंही. मग १८४६ ते ४८च्या युद्धात मेक्सिकोचा जवळजवळ निम्मा मुलूख वॉशिंग्टनकडे गेला. कॅलिफोर्निया त्यातलाच. तेव्हा घोषणेतले अमेरिकन नेमके कोण, हे मेक्सिकोला चांगलंच उमगलं. माझं मत विचाराल तर भांडणाचं मूळ इथे आहे. मुलूख गेला नसता, तर नावाचं एवढं कुणी मनावर घेतलं नसतं.

आणि हे सगळं जुनंपानं नाही. जानेवारी २०२५ मध्ये ट्रम्प यांनी मेक्सिकोच्या आखाताला 'अमेरिकेचं आखात' म्हणायचं ठरवलं. मेक्सिकोच्या अध्यक्षा क्लाउदिया शाइनबाम यांनी पत्रकारांपुढे १६०७चा एक नकाशा लावला. त्यात उत्तर अमेरिकेवर 'मेक्सिकन अमेरिका' असं लिहिलेलं! आम्ही हेच का म्हणू नये, असं त्या हसत हसत म्हणाल्या. तुम्ही लोकलमध्ये बसल्या बसल्या फोनवर गूगलचा नकाशा उघडा. भारतातून आखाताची दोन्ही नावं दिसतात, नवं कंसात. अमेरिकेतून बघणाऱ्याला एकटं नवं, मेक्सिकोतून बघणाऱ्याला एकटं जुनं.

खरं तर मेक्सिको स्वतःला अमेरिकाच मानतो, तर 'अमेरिकेचं आखात' ऐकून त्यानं खूश व्हायला हवं होतं. तो झाला नाही, कारण वॉशिंग्टनच्या तोंडी त्या शब्दात आपण नसतो हे त्याला पक्कं माहीत आहे. मे २०२५ मध्ये शाइनबाम यांनी जाहीर केलं की मेक्सिकोनं गूगलवर दावा लावला आहे. म्हणणं एवढंच, की वॉशिंग्टननं स्वतःच्या किनाऱ्यालगतच्या पाण्याला हवं ते नाव द्यावं. आमच्या आणि क्यूबाच्या पाण्याचं नाव बदलायचा अधिकार त्याला नाही.

नमस्कार.