‘गोळी सुटली’ म्हणजे काय झालं?

(गोव्यात वाळपई येथे बागायतदार आणि बँकांचे सुरक्षारक्षक यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

मंडळी, बंदुकीचा अपघात झाला की आपण म्हणतो, “गोळी सुटली.” फणस पडला, तशी गोळी सुटली. कोणी सोडली, ते त्या वाक्यात येतच नाही. माझी सगळी नोकरी पोलिसांच्या शस्त्रागारात गेली. बिघाडामुळे गेलेली गोळी मी क्वचितच पाहिली. बहुतेक वेळा चापावर कोणाचं तरी बोट होतं.

एकदा ते माझं होतं. नोकरीचं दुसरं वर्ष, रात्रपाळी संपवून पिस्तूल जमा करत होतो. आधी मॅगझिन, म्हणजे गोळ्यांची पेटी, काढायचं, मग स्लाइड, म्हणजे पिस्तुलाचा वरचा सरकता भाग, मागे ओढायची, हा क्रम. मी घाईत उलटं केलं. स्लाइड ओढल्यावर नळीतली गोळी बाहेर पडली, पण मॅगझिन आतच असल्यामुळे पुढे जाताना स्लाइड दुसरी गोळी घेऊन गेली. मग मॅगझिन काढलं आणि पिस्तूल रिकामं समजून चाप ओढला. समोरचा गिलावा उडाला. भिंत चिऱ्यांची, म्हणून गोळी तिथेच अडकली. पलीकडच्या बाकावर एक हवालदार चहा पीत बसले होते. त्यांच्या बशीत सांडलेला चहा मला आजही दिसतो.

आपल्या सत्तरी, सांगे, काणकोण तालुक्यांत घरात बंदूक येते ती पिकाच्या राखणीसाठी. दुनळी बारा बोअर बंदुकीची सेफ्टी, म्हणजे सुरक्षा-खटका, लावली की काळजी मिटली, असं अनेकांना वाटतं. बहुतेक दुनळ्यांत ती सेफ्टी फक्त चाप अडवते, आतला घोडा, म्हणजे काडतुसावर ठोका देणारा भाग, ताणलेलाच राहतो. गडगा, म्हणजे दगडी कुंपण, ओलांडताना दस्ता दगडावर आपटला आणि घोडा अडवून धरणारी आतली खाच झिजलेली असली, तर घोडा निसटतो. म्हणून गडग्याआधी थांबा, बंदूक उघडा, दोन्ही काडतुसं खिशात टाका आणि मगच पाय उचला. नळीच्या तोंडातून दारू ठासून भरायच्या ठासणीच्या बंदुकीचं दुखणं वेगळं. एकदा भरली की रिकामी करणं कटकटीचं, म्हणून ती भरलेलीच मांगरात, म्हणजे बागेतल्या खोपीत, खुंटीला लटकते. त्याच मांगरात सुट्टीत पोरं खेळतात.

आणि बोटाचं. पाय घसरला आणि डाव्या हाताने फांदी पकडली, की उजवी मूठही आपोआप आवळली जाते. शरीरच तसं आहे, कितीही सावध माणूस असो. बोट चापाच्या कड्याबाहेर लाकडावर सरळ ठेवायचं ते यासाठी.

परवा एका बँकेत पासबुक छापायला गेलो होतो. सुरक्षारक्षक खुर्चीत बसलेले, बंदूक मांडीवर आडवी, नळ्यांची तोंडं रांगेकडे. रांगेत आईचा पदर धरून एक मुलगी उभी होती. तिची हनुवटी बरोबर त्या नळ्यांच्या उंचीला. मी रक्षकांना बाजूला घेऊन विचारलं, “शेवटचा बार कधी काढलात?” ते म्हणाले, “साहेब, या बंदुकीने कधीच नाही.” मला त्यांचा राग आला नाही. ज्यांनी त्यांच्या हातात बंदूक दिली आणि सराव दिला नाही, त्यांचा आला.

कायद्याचं थोडक्यात सांगतो. शस्त्र कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर निष्काळजीपणे किंवा लग्नात, उत्सवात हौसेने बार काढून लोकांचा जीव धोक्यात घातला, तर २ वर्षांपर्यंत कैद, १ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. निष्काळजीपणामुळे कोणी दगावलं, तर भारतीय न्याय संहितेच्या १०६ कलमाखाली ५ वर्षांपर्यंत कैद आहे.

निवडणूक आली की आपल्या बंदुका ठाण्यात जमा होतात. तिथे गर्दी असते, माणसं एकमेकांना खेटून उभी असतात. रांगेत दुनळी उघडूनच धरा, म्हणजे मागच्याला दोन्ही नळ्यांतून उजेड दिसेल. बाहेर पडवीत मी वाळूची बादली ठेवली आहे. बँकांच्या रक्षकांनी चहा घेऊन तिथे थांबावं. नळी त्या वाळूकडे धरून बंदूक कशी रिकामी करायची, ते प्रत्येकाकडून मी दोनदा करून घेणार आहे.