भज्जी नको, पापुद्रा चालेल

[चूल. परात. भाकरी थापल्याचा आवाज.]

लातूर जिल्ह्यातलं एक गाव. परातीतलं पीठ मालदांडी ज्वारीचं आहे, परवाच दळून आणलेलं. याहून जुनं इथे चालत नाही. पिठाची विरी गेली की भाकरी कडेनं चिरते, आणि चिरलेल्या भाकरीला या घरातला एक जण हात लावत नाही.

तो नऊ वर्षांचा आहे, स्वमग्न म्हणजे ऑटिस्टिक आहे. नाव सांगायचं नाही, चेहरा दाखवायचा नाही, असं आईशी आधीच ठरलं. हात दाखवायला त्याची हरकत नव्हती.

भाकरी टम्म फुगली. आई वाफ जाऊ देते, वरचा पापुद्रा अलगद सोडवते आणि उजेडाकडे धरते. तव्याचा काळा डाग राहिला नाही ना, हे बघून घेते. मग तो पापुद्रा कप्प्यांच्या ताटात जातो. शेजारच्या कप्प्यात मीठ लावलेला उकडलेला बटाटा. एकाची कड दुसऱ्याला लागता कामा नये.

[ताट, वरून.]

पापुद्रा, बटाटा, कोरडे चुरमुरे, पार्ले-जी आणि दूध. मागच्या वर्षापर्यंत याचं जेवण एवढंच होतं.

लाड केले म्हणून असं झालं, हे वाक्य या आईनं सासरी ऐकलंय, माहेरी ऐकलंय, एसटीत शेजारी बसलेल्या अनोळखी बाईकडूनही ऐकलंय. अमेरिकेत लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये अकरा मुलांवर जो लेख लिहिला, जिथून ऑटिझमचा वैद्यकीय इतिहास मोजला जातो, त्यातही खाण्याच्या अडचणींची नोंद आहे. त्या मुलांचे लाड कुणी लातुरात केले नव्हते.

वांग्याची भाजी घ्या. साल वेगळी, गर वेगळा, बी वेगळं, आणि काल केलेली भाजी आजच्यासारखी लागत नाही. पार्ले-जीचं पहिलं बिस्कीट आणि दहावं बिस्कीट मात्र सारखंच. ज्याच्या जिभेला, नाकाला, कानाला प्रत्येक गोष्ट इतरांपेक्षा मोठी जाणवते, त्याला पुढचा घास कसा लागणार हे आधी माहीत असणं फार मोलाचं वाटतं. म्हणून पुड्याचं वेष्टन बदललं तरी तो बिस्कीट आधी हुंगून बघतो.

[आजी, ओट्यावर.]

आजीचा सल्ला सरळ होता. “उपाशी ठिवा की दोन दिस. भूक लागली की खातंय लेकरू मुकाट.”

गावोगाव हाच सल्ला मिळतो आणि या मुलांच्या बाबतीत तो धोक्याचा आहे. अनेक स्वमग्न माणसांना पोटातली भूक वेळेवर कळतच नाही. कळली तरी समोरचा पदार्थ त्यांच्या लेखी खाण्याजोगा झालेला नसतो. मग मूल उपाशीच राहतं. २०१३ साली डीएसएम-५ या मनोविकारांच्या नियमावलीत याच्या टोकाच्या रूपाला स्वतंत्र निदान मिळालं, ‘आरफिड’. त्यात वजन वाढवण्या-घटवण्याचा विचार नसतो. पदार्थाचा स्पर्श-वास सोसत नाही, ठसका लागेल किंवा उलटी होईल अशी धास्ती असते, नाहीतर खाण्यात रसच नसतो.

लपवून खाऊ घालण्याचा प्रयोगही या घरात झालाय. दुधात पालेभाजीची पूड कालवली होती. दूध सुटलं. ते परत यायला अख्खा पावसाळा गेला.

[पाट, भिंत, लहान ताटली.]

आता जे दिसतंय, ते लातूरच्या ऑक्युपेशनल थेरपिस्ट बाईंनी, म्हणजे जेवण्यासारखी रोजची कामं जमावीत म्हणून मदत करणाऱ्या तज्ज्ञांनी, बसवून दिलंय. जेवायच्या वेळा घड्याळाला बांधलेल्या, भुकेवर सोडलेल्या नाहीत. बसायला पाट, पाठ भिंतीला टेकलेली, कारण अंग सावरण्यातच जीव गुंतला तर तोंडातल्या घासाकडे लक्ष कुठून जाणार? फोडणी पडायच्या आधी तो अंगणात जातो आणि ठसका विरल्यावर आत येतो. मिक्सर लावायचा तर आधी सांगून.

ओळखीचं ताट रोज तसंच येतं, त्याला कुणी हात लावत नाही. नवीन पदार्थ बाजूच्या लहान ताटलीत. तिला घरात ‘शिकायची ताटली’ म्हणतात. तिच्यातलं खायलाच पाहिजे अशी सक्ती नाही. नुसतं बघितलं, चालतं. चमच्यानं ढकललं, बोट लावलं, हुंगलं, ओठाला टेकवलं, तेही चालतं. चावून थुंकायचं असेल तर शेजारी वाटी ठेवलेली आहे. थुंकायची परवानगी आहे म्हणूनच तो तोंडात घालायला धजतो. आईला हे पटायला वेळ लागला. अन्न थुंकणं आपल्याकडे पाप, पण ही वाटी टिकली.

हा भाग नीट बघा. परातीत दोन गोळे आहेत. मोठा गोळा रोजचा. लहान गोळ्यात तो स्वतः चिमटीनं बेसन टाकतो, त्याच्या डोळ्यांदेखत ते मळलं जातं. पिवळसर भाकरी ताटलीत जाते. कैक दिवस ती तिथेच पडून राहिली, म्हशीनं खाल्ली. मग एक तुकडा गेला. मग बेसन थोडं वाढलं, हळद आली, जिऱ्याची पूड आली, अगदी बारीक चिरलेली कोथिंबीर आली. एका वेळी एकच बदल. आज तो बिनतिखटाचं धपाटं खातो. दुसरीकडे चुरमुऱ्यांवरून गाडी हळद-मिठाच्या चुरमुऱ्यांवर आणि तिथून डाळ्यांवर आली. सुशीला म्हणजे फोडणीचे भिजवलेले चुरमुरे, त्यातल्या कांद्यापाशी ती अडलीय.

“अजून एकच घास, माझ्यासाठी,” हे वाक्य घरात बंद आहे. खाल्लं म्हणून टाळ्याही नाहीत.

[शेत. कडब्याची कोप. डोक्यावर टोपली घेतलेल्या बाया.]

खरं सांगायचं तर आमचा कॅमेरा या गावात पहिल्यांदा आला तो वेळ अमावस्येसाठी. मार्गशीर्षातली अमावस्या, लातूर-धाराशिवकडचा मोठा सण. शेतात कोप उभी राहते, पाच पांडवांची पूजा होते आणि माणसं बोलावून बोलावून जेवू घालतात. आंबील, उंडे, खीर आणि भज्जी. भज्जीत हिवाळ्यातलं सगळं एकत्र: तुरीचे दाणे, वाटाणा, हरभरा, पालेभाज्या, चिंच, डाळीचं पीठ. आम्हाला बोटं चाटायला लावणारा हा पदार्थ. त्याच्यासाठी मात्र एका घासात दहा अनोळखी गोष्टी.

आजीचं मन कधी वळलं, ते आमच्याकडे चित्रित नाही. पण हे दृश्य आहे. भज्जीत सगळं पडायच्या आधी आजी एका द्रोणात उकडलेले तुरीचे दाणे काढते, दुसऱ्यात वाटाणे. दोन्ही त्याच्यापासून हातभर लांब ठेवते आणि आपल्या कामाला लागते. तो डब्यातला पापुद्रा खातो. मग एक वाटाणा उचलतो, साल सोलतो, हुंगतो आणि परत ठेवतो. हरभऱ्याचे घाटे मात्र दुपारभर फोडत बसला. एक दाणा चावला, थुंकला. शेतात वाटीही लागत नाही.

[छत्रपती संभाजीनगर. मेस.]

मोठेपणी हे आपोआप जातं असं नाही. छत्रपती संभाजीनगरात खोली करून राहणारा हा तरुण स्वमग्न आहे. मेसमधली ताटांची आदळआपट त्याला सोसत नाही, म्हणून गर्दीच्या आधी, सातलाच जेवून घेतो. मेसवाल्या काकू संध्याकाळची भाजी दुपारीच व्हॉट्सॲपवर कळवतात. वांगं असेल त्या दिवशी तो खोलीवर मुगाची खिचडी लावतो. काकूंना यात काही विशेष वाटत नाही.

[दवाखाना, बाहेरून.]

व्हॉट्सॲपवरच दुसरा एक सल्ला फिरतो: गहू आणि दूध बंद करा, ऑटिझम बरा होईल. याला पुरेसा पुरावा नाही. पाचच पदार्थ खाणाऱ्या मुलाचं दूध काढून घेणं तर भलतंच. खाणं फार तुटपुंजं राहिलं तर लोह, ड जीवनसत्त्व, क जीवनसत्त्व कमी पडतं, दात किडतात, बद्धकोष्ठ जडतं. वजन घटत असेल, घास अडकत असेल, हिरड्यांतून रक्त येत असेल किंवा आधी खाल्ले जाणारे पदार्थ एकेक करून सुटत असतील, तर घरगुती उपायांत वेळ घालवू नका.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत स्वमग्नता आहे. २०१३ पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी होते, पुढे जिल्हा पातळीवरच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवलं जातं. जाताना मूल काय काय खातं याची यादी लिहून न्या, बिस्किटाच्या नावासकट, भाकरी कोणत्या बाजूची तेही. ‘काहीच खात नाही’ एवढ्यावर डॉक्टरांना काही उमगत नाही.