फोर्किसचं घराणं

(दृश्य: एल्यूसिसचं संग्रहालय. उंच रांजण. कॅमेरा मानेवरून सावकाश खाली.)

अथेन्सच्या पश्चिमेला एल्यूसिस. इथल्या संग्रहालयातला हा रांजण 1.42 मीटर उंच आहे आणि इ.स.पू. सातव्या शतकातला आहे. 1954 मध्ये उत्खननात सापडला, तेव्हा आत एका लहान मुलाची हाडं होती. कुणीतरी आपलं पोर यात घालून पुरलं होतं.

आधी मान बघा. हा बसलेला धिप्पाड गडी म्हणजे एकडोळ्या पॉलिफेमस. प्याला अजून हातातच आहे आणि ग्रीक वीर ओडिसियस साथीदारांसह त्याच्या डोळ्यात सोट खुपसतोय.

आता रांजणाचं पोट. डावीकडे आडवं पडलंय ते नजरेने माणसाला दगड करणाऱ्या मेड्युसाचं धड, शिर नसलेलं. तिच्या बहिणी स्थेनो आणि युरियाली तिचा मारेकरी पर्सियस याच्या मागे धावताहेत. कढईएवढी डोकी, त्यांतून बाहेर आलेले साप. मध्ये देवी अथेना आडवी उभी आहे, पर्सियसला वाचवायला. त्या पर्सियसचं चित्र मात्र बरंचसं उडून गेलंय. आमची काही तक्रार नाही.

वरचा पॉलिफेमस आणि खालची मेड्युसा, दोघं एकाच घरातले. ती त्याची मावशी.

(दृश्य: ड्रोनमधून खवळलेला समुद्र.)

इ.स.पू. 700 च्या सुमारास ग्रीक कवी हेसिओडने देवांची वंशावळ काव्यात बांधली. गाया म्हणजे पृथ्वी, पोंटस म्हणजे समुद्र. त्यांची मुलं फोर्किस आणि केटो, आणि या भावंडांचाच पुढे संसार झाला. त्यांच्या पोटी आधी ग्राया नावाच्या बहिणी आल्या, जन्मतःच पांढऱ्या केसांच्या. मग तीन गॉर्गन बहिणी. त्यांतली मेड्युसा तेवढी मर्त्य. शेंडेफळ म्हणजे सोन्याची सफरचंदं राखणारा सर्प. अर्धी बाई, अर्धी नागीण अशी एकिडना हीसुद्धा बहुधा केटोचीच लेक. हेसिओडच्या ओळी इथे इतक्या मोघम आहेत की अभ्यासकांचा वाद मिटत नाही.

दुसरा कवी होमर आणखी एक लेक सांगतो, थूसा. तिला समुद्रदेव पोसायडनपासून झालेला मुलगा पॉलिफेमस. मेड्युसालाही पोसायडनपासूनच दिवस गेले होते. म्हणजे पंखवाला घोडा पेगॅसस हा पॉलिफेमसचा मावसभाऊ, आणि वर सावत्र भाऊही. लग्नघरातली एखादी जाणती आजीच हे नातं बोटांवर मोजून सांगू शकेल.

ग्रायांना सगळ्यांत मिळून एकच डोळा आणि एकच दात. डोळा या हातातून त्या हातात जात असताना पर्सियसने मधल्यामधे पळवला आणि त्याच्या बदल्यात पुढची वाट काढून घेतली. मेड्युसाला मारायचा रस्ता तिच्याच बहिणींना लुबाडून मिळाला. याला पराक्रम म्हणतात.

(दृश्य: कॉर्फू. आर्टेमिसच्या देवळाचं दगडी शिल्प, आधी पूर्ण, मग जवळून.)

कॉर्फू बेटावरच्या देवळाच्या माथ्यावर इ.स.पू. 580 च्या सुमाराची ही मेड्युसा होती. कमरेला दोन सापांचा पट्टा, गुडघा वाकवून धावण्याचा पवित्रा. कथेत तिची मुलं पेगॅसस आणि क्रायसाओर तिची मान तुटल्यावरच बाहेर येतात. इथे डोकं जागेवर आहे आणि दोन्ही मुलं तिच्या दोन बाजूंना. शिल्पकाराने तिला आई म्हणून घडवलं. तिचे मोठे डोळे आपल्यावरच रोखलेले आहेत.

पिंडार कवी सांगतो, युरियालीचा आक्रोश ऐकून अथेनेने त्यावरून पाव्याची एक धून बांधली. देवीने शोक ऐकला आणि त्याचं संगीत केलं.

पुढे याच गोतावळ्यातले अनेक डोक्यांचा साप हायड्रा, कुत्रा ऑर्थोस आणि राक्षस गेरिऑन हे वीर हेराक्लीसने मारले, पाताळाचा राखणदार कुत्रा सर्बेरसला साखळदंड घातला.

(दृश्य: इथाका. शांत खाडी, ऑलिव्हची झाडं.)

डोळा गेल्यावर पॉलिफेमसने बापाला हाक मारली आणि पोसायडनने ओडिसियसला वर्षानुवर्षं समुद्रात फिरवलं. अखेर फियाशियन खलाशांनी त्याला झोपेतच त्याच्या घरच्या इथाका बेटाच्या एका बंदरात आणून ठेवलं. होमर त्या बंदराचं नाव सांगतो, फोर्किसचं बंदर. फोर्किसला तो समुद्रातला म्हातारा असंही म्हणतो.

नातवाचा डोळा फोडणारा माणूस आजोबांच्या दारात झोपला होता. आजोबांनी त्याला काही केलं नाही. पोसायडनने मात्र परतणाऱ्या खलाशांचं जहाज दगडाचं केलं. कॉर्फूचे लोक पोंतिकोनिसीचं बेट दाखवून सांगतात, हेच ते.