आधी एकट्यानं, मग शेजाऱ्याशी

श्रोतेहो, नमस्कार.

वर्गात आपण विचारतो, "समजलं का?" आणि वर्ग सुरात म्हणतो, "होऽऽ!" हा प्रश्न शिक्षकांनी विचारूच नये, असं माझं ठाम मत आहे. कुणाचं काय राहिलं, ते त्या "हो"मधून कळत नाही. कळतं ते कीपॅडमुळे. टीव्हीवरच्या प्रश्नमंजूषेत प्रेक्षकांचा कौल घेतात ना, तोच हातात मावणारा कीपॅड, ए-बी-सी-डी बटणांचा.

नाशिकला पंचवटीतल्या एका शाळेत माझी सातवी होती, ३८ मुलं. गोदावरी कुठं मिळते, हे आठवड्यापूर्वी तोंडी विचारलं होतं. "बंगालचा उपसागर!" वर्ग दणाणला होता. आज तोच प्रश्न कीपॅडवर दिला. पडद्यावर आकडे आले आणि मी बघतच राहिलो. २१ जणांनी अरबी समुद्र दाबलं होतं! ३८ पैकी २१. मुलांचं तरी काय चुकलं? त्र्यंबकपासून अरबी समुद्र जेमतेम ऐंशी किलोमीटर. आणि नकाशा? तो आपण कपाटात गुंडाळून ठेवतो. नकाशा बारा महिने भिंतीवर हवा!

उत्तर सांगितलं नाही. म्हटलं, शेजाऱ्याला पटवून द्या. तिसऱ्या बाकावरची, एरवी तोंड न उघडणारी मुलगी शेजारणीला म्हणाली, "अगं, इथं नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पाणी लागलं, की माझी आजी सायखेड्यात धान्याची पोती माळ्यावर चढवते. म्हणजे गंगा तिकडं जाते, उगवतीकडं. समुद्र मागं राहिला ना!" (आमच्याकडं गोदावरीला गंगाच म्हणतात.)

पुन्हा बटणं दाबली. ३५ बरोबर.

आधी एकट्यानं, मग शेजाऱ्याशी, मग पुन्हा एकट्यानं. ही रीत हार्वर्डचे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक माझूर यांनी १९९१ पासून रुजवली. सुरुवातीला त्यांच्याकडेही कीपॅड नव्हते. पुन्हा सांगतो: आधी एकट्यानं, मग शेजाऱ्याशी.

यंत्र साधं आहे. प्रत्येक कीपॅडला स्वतःचा क्रमांक, संगणकाला जोडलेला छोटा रिसीव्हर, मधे रेडिओलहरी. कुणी काय दाबलं ते वर्गाला दिसत नाही, फक्त किती जणांनी, ते दिसतं. बागायतदारांच्या बैठकीतही हे चालतं. शेजाऱ्यादेखत "माझा माल वाया गेला" म्हणून हात वर करणं जड जातं, बटण दाबणं नाही.

आणि दिवाळीच्या सुट्टीआधी कीपॅडमधले सेल काढून ठेवा. सेल गळून आमचे चार कीपॅड गेले.

नमस्कार.